उजवी बाजू

“मावशी, दे फिक्स्ड युअर माउथ!” आन्या इतक्या आनंदानं ओरडली की क्षणभर सुवर्णालाही आनंदच झाला. मराठी मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमासाठी अ‍ॅशबर्नमधल्या एका हायस्कूलचं सभागृह घेतलं होतं, आणि दाराबाहेरच्या लांब टेबलावर, गुलाबपाणी आणि फराळाच्या पाकिटांच्या मधोमध, स्मरणिकेचे गठ्ठे लावले होते. प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर सुवर्णानं काढलेलं तिचं स्वतःचं चित्र होतं. निळी इरकल नेसून ती ईझलसमोर बसलेली, आणि खुर्चीमागे तिच्या दोन विद्यार्थिनी: सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली आन्या, आणि नवऱ्याच्या व्हिसावर नागपूरहून आलेली रुचा. अमेरिकेत आल्यापासून आपलं काही छापून आलेलं सुवर्णा पहिल्यांदाच बघत होती, म्हणून तिनं गठ्ठ्यातला वरचा अंक उचलला नाही, मधला, कोरा करकरीत ओढून काढला. मग तिनं बघितलं. पोरगी खरं बोलत होती. चित्रातल्या बाईच्या ओठाचा ओघळलेला कोपरा कुणीतरी अलगद वर उचलून दुसऱ्याच्या बरोबरीला आणून बसवला होता. त्या बाजूची पापणी उघडली होती. नाकापासून हनुवटीकडे उतरणारी रेघ पुसून गाल गुळगुळीत केला होता. काम सफाईदार होतं, जोड कुठे दिसत नव्हता. मुखपृष्ठावर एक प्रसन्न बाई हसत होती. सुवर्णाची एखादी सुखवस्तू मावसबहीण असती तर ती अशी दिसली असती.

स्मरणिकेची संपादक नंदा लगबगीनं आली. तिच्या हातात कुठल्याशा मुलाचा फेटा होता आणि दोन्ही खांद्यांवर कुणाकुणाच्या शाली होत्या. “सुवर्णाताई, काय कव्हर झालंय! सगळे विचारतायत. आणि मोरेश्वरकाकांनी किती मेहनत घेतली हो, मी त्यांना म्हटलं नुसता फोटो काढून पाठवा, तर ते म्हणाले नाही, मी जरा एन्हान्स करून देतो. दोघांचंही नाव टाकलंय हं आत, डोन्ट वरी.” सुवर्णानं पान उलटलं. ‘मुखपृष्ठ : सुवर्णा व मोरेश्वर ढवळे’ असं तिथे छापलेलं होतं. पलीकडे कोपऱ्यात तिचा नवरा मोरेश्वर जांभळ्या कुर्त्यात उभा होता आणि मंडळातले देवदत्त भिडे त्याच्या पाठीवर थाप मारत होते, “छुपे रुस्तम निघालात की, काका!” आणि मोरेश्वर नको नको म्हणत होता, पण ते इतकं हळू की कुणाला ऐकू जाऊ नये. “छान आहे,” सुवर्णा नंदाला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ती आत जाऊन बसली. रंगमंचावर लहान मुली समया घेऊन नाचत होत्या, त्यातली एक रडकुंडीला आली होती, आया मोबाइल उंच धरून उभ्या होत्या. सुवर्णा जिभेचं टोक ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावून बसली. ही तिला दोन वर्षांपासून लागलेली सवय. तिथे काही सांडलंय का, ओलं लागतंय का, हे तिला जिभेनंच बघावं लागे, कारण त्या जागेला स्वतःचं स्वतःला फारसं कळत नसे.

ते झालं होतं एका फेब्रुवारीत. सकाळी चूळ भरताना पाणी तोंडात राहीना. आरशात बघितलं तर चेहऱ्याची डावी बाजू कुणा तरी दुसऱ्याच माणसाची असल्यासारखी लोंबत होती. मोरेश्वरनं गाडी कशी हाकली ते त्याचं त्याला ठाऊक. पण पक्षाघात नव्हता. डॉक्टरनं सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या, बहुतेक जण पूर्ण बरे होतात. सुवर्णा त्या बहुतेकांत बसली नाही. डोळा काही महिन्यांनी मिटायला लागला, घास बाहेर पडायचा थांबला, पण ओठाचा कोपरा खाली गेला तो गेलाच, आणि हसलं की सगळं हसू उजवीकडे धावत जाई. त्या दिवसांत मोरेश्वर फार चांगला वागला. हे तिनं तेव्हाही कबूल केलं होतं आणि आजही करत होती. रोज झोपताना तो तिच्या उघड्या राहणाऱ्या डोळ्यावर कागदी चिकटपट्टी लावायचा, पापणीचे केस अडकू नयेत म्हणून आधी बोटानं ते खाली सारायचा. मऊ खिचडी करायचा, तीत मीठ विसरायचा. आणि ती आरशासमोर रेंगाळली की म्हणायचा, “मला तर काही कळतच नाही गं. तू उगाच बघत बसतेस.” मैत्रिणी म्हणत, “खूपच बरं झालंय हो आता,” म्हणजे दिसतंय. डॉक्टर म्हणत, वेळ लागतो, म्हणजे दिसतंय. एकटा मोरेश्वर म्हणाला, कळत नाही. त्या एका वाक्याला सुवर्णा धरून राहिली होती. पस्तीस वर्षं एकत्र काढल्यावर माणसाला माणसाचं तोंड दिसेनासं होतं, घरातलं कपाट दिसेनासं होतं तसं, आणि यालाच संसार म्हणत असावेत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. तिला त्याचं सुख वाटे. सगळ्या जगात एक माणूस असा आहे की ज्याच्यासमोर आपण वाकड्या तोंडाच्या नाही.

आणि म्हणून तर तिनं ते चित्र काढायला घेतलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात मुलाकडे, ईशानकडे, न्यू जर्सीला गेले असताना तो त्यांना न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात घेऊन गेला होता. मोरेश्वर पहिल्याच दालनात बाक शोधून फोनवर बसला. सुवर्णा एकटीच भटकत एका पुरुषभर उंचीच्या चित्रासमोर आली आणि तिथेच थबकली. फिकट निळ्या सॅटिनचा घेरदार झगा, डोक्यावर पिसांची भली मोठी गवती हॅट, हातात पॅलेट आणि ब्रश घेऊन एक बाई ईझलसमोर बसली होती, मागे दोन तरुण शिष्या. ‘रंगाचं काम असले कपडे घालून कोण करतं?’ म्हणून सुवर्णाला आधी हसूच आलं. मग तिच्या लक्षात आलं की त्या बाईला नेमकं हेच दाखवायचं होतं, की बघा, मी अशीही आहे आणि हे काम माझं आहे. ईझलवरच्या कॅनव्हासची मागची बाजू तेवढी दिसत होती, त्यामुळे ती काय रंगवतेय ते काही कळत नव्हतं. ती समोर बघत होती, सरळ, बघणाऱ्याच्या तोंडाकडे. आदेलाइद लाबिय-गियार असं नाव खाली लिहिलं होतं. पॅरिसची, अडीचशे वर्षांपूर्वीची, फॅशनच्या कापडचोपडाचं दुकान असलेल्या बापाची मुलगी. कोल्हापुरात लुगड्यांचं दुकान असलेल्या बापाच्या मुलीला तेवढं पुरलं. तिनं त्या बाईला आपल्यापुरतं आदेलाइदबाई करून टाकलं आणि घरी येऊन जे मिळेल ते वाचून काढलं. बाई मोठी कर्तबगार आणि नशीब मात्र असं की सांगायची सोय नाही. चित्रं लोकांना आवडत, म्हणून लोक म्हणत की ती तिची नसणार. व्हँसाँ नावाचा चित्रकार तिच्या चित्रांवर शेवटचा हात फिरवतो म्हणे. बाईनं काय केलं, तर अकादमीच्या मान्यवर पुरुषांना एकेक करून आपल्यासमोर बसवलं आणि त्यांची पोर्ट्रेट केली. बसणाऱ्याला चित्रकाराचा हात दिसतो, त्याला कोण काय सांगणार! पुढे क्रांती झाली आणि तिचं सर्वांत मोठं चित्र, वर्षानुवर्षं खपून केलेलं, राजाच्या भावाचं म्हणून नष्ट करायला लावलं. आणि शेवटी बाईनं लग्न केलं ते त्या व्हँसाँशीच. हे वाचलं तेव्हा सुवर्णा खूप हसली होती, उजवीकडे.

कोल्हापूरच्या कलाशाळेत तिला पोर्ट्रेट शिकवणारे माने सर सांगायचे, “बसणाऱ्याला विसरू नका. तुम्ही त्याला बघताय तसा तोही तुम्हाला बघत असतो. त्याचं तोंड तुमच्या तोंडावरनं ठरतंय.” सर मुलींना मुलांइतकंच ओरडायचे, हा त्यांचा मोठेपणा. सुवर्णाचा हात चांगला होता. सर म्हणाले होते, ही पोरगी जिवंत माणसं काढते. मग लग्न झालं, मोरेश्वरची कंपनी त्याला अमेरिकेत घेऊन आली, आणि हिच्या व्हिसावर शिक्का बसला की हिनं काम करायचं नाही. हिनं केलंही नाही. गणपतीची आरास केली, थर्माकोलचे महाल कापले, रांगोळ्या घातल्या, वाढदिवसांच्या केकवर फुलं काढली, आणि लोक म्हणाले, सुवर्णाताईंना फार हौस. ग्रीन कार्ड आलं तोवर ईशान शाळेत जात होता आणि तेलरंगाच्या नळ्या सुकून दगड झाल्या होत्या. आयुष्याची साठ वर्षं सरत आल्यावर, वाकड्या तोंडानिशी, तिनं तळघरातल्या खोलीत पुन्हा ईझल मांडलं, शनिवारी दोघीतिघींना शिकवायला लागली, आणि आदेलाइदबाईच्या थाटात इरकल नेसून आरशासमोर बसली. स्वतःचा ओठ रंगवायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले. दरवेळी हात आपोआप तो कोपरा जरासा वर घेई, आणि दरवेळी ती तो कापडानं पुसून काढी. एका दुपारी तो जमला. ओठ खाली उतरलेला होता, आणि तरीही ती बाई केविलवाणी दिसत नव्हती. त्या दिवशी सुवर्णा तळघरात एकटीच रडली आणि मग वर जाऊन भात टाकला. मोरेश्वरनं चित्र पूर्ण झाल्यावर बघितलं होतं. “मस्त,” म्हणाला होता. “निळा रंग काय आलाय!” मूळ चित्र अजून तळघरात भिंतीला टेकून उभं होतं. ते बघायला कुणी येणार नव्हतं. लोकांच्या घराघरांत आता ती मावसबहीण जाणार होती.

घरी परतताना गाडी सुवर्णाच चालवत होती. हल्ली तीच चालवायची. मोरेश्वर शेजारी स्मरणिका मांडीवर घेऊन बसला होता आणि मधूनमधून तिच्या गुळगुळीत मुखपृष्ठावरून तळवा फिरवत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती एकामागून एक सरकत होत्या. त्यांतल्याच एकीत त्याची नोकरी होती. “काय, आवडलं ना? सरप्राइज द्यायचं होतं तुला.”

“माझं तोंड सरळ केलंत.”

“तोंड? अगं नाही गं, कलर करेक्शन केलं थोडं. ते सॉफ्टवेअर आपोआप करतं काय काय. एआयला वाटतं सिमेट्री पाहिजे.”

“आन्याचं नाक वाकडंय. ते नाही सरळ केलं त्यानं.”

पुढचा सिग्नल लाल झाला. सुवर्णानं गाडी थांबवली आणि त्याच्याकडे वळून बघितलं, तेव्हा तो समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. “हे बघ,” तो म्हणाला, “चारशे घरांत जाणार ते. लोक बघणार, विचारणार, यांना काय झालंय म्हणून. तुलाच नको वाटलं असतं. मी तुझ्यासाठीच केलं ना? कुणाचं काय वाईट झालं त्यात? सगळ्यांना आवडलं.”

“तुम्ही तर म्हणायचात, काही कळतच नाही.”

“अगं, ते...” तो म्हणाला. “ते तुला बरं वाटावं म्हणून.” सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. अमेरिकेत सहसा कुणी हॉर्न वाजवत नाही. सुवर्णानं गाडी पुढे काढली. घरी आल्यावर त्यानं स्मरणिका दिवाणखान्यातल्या टीपॉयवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.

शनिवारी विद्यार्थिनी आल्या तेव्हा आन्यानं आल्याआल्या विचारलं, “बट मावशी, वर्न्ट यू ओके विथ इट? मला वाटलं तूच सांगितलं काकांना.” रुचानं तिला डोळ्यांनी दटावलं. रुचा स्वतः सहा वर्षं व्हिसाच्या रांगेत घरी बसलेली, बँकेतली चांगली नोकरी सोडून आलेली; तिला न बोललेलं बरंच काही ऐकू यायचं. “ताई, मला तर हेच आवडतं,” ती भिंतीजवळच्या मूळ चित्रापुढे उभी राहून म्हणाली. “पण काका तरी काय करतील यार. तुमच्यावर जीव आहे त्यांचा. आमच्याकडे तर माझं पेंटिंग बघायलाही कुणी खाली येत नाही.” सुवर्णाला तिचा राग आला आणि राग आल्याचीच लाज वाटली. जीव आहे हे खरंच होतं. पापणीचे केस बोटानं सारणारा माणूस खोटा कसा म्हणायचा? पण आता तिला पहिल्यांदा वाटलं की तेव्हा आजार होता. आजाराकडे माणूस बघू शकतो. तो बरा होणार असतो. बरं होऊन जे उरलं, त्याच्याकडे त्यानं कधी बघितलं होतं?

हा किडा एकदा डोक्यात शिरल्यावर तिची शांतता गेली. घरातल्या वस्तू तिच्याशी उलटसुलट बोलायला लागल्या. जेवणाच्या टेबलावर पूर्वी तो तिच्या डाव्या हाताला बसायचा. त्यानं जागा बदलली होती, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. हिवाळ्यात कुठलं ऊन? पलंगावर दोघांच्या बाजू बदलल्या होत्या, त्याच्या फोनच्या चार्जरची वायर तिकडच्या सॉकेटला पुरत नाही म्हणून. आणि गाडी! तिच्या आजारानंतर त्यानं हळूहळू गाडी तिच्याच हातात दिली होती. “तू चालव, तुझा कॉन्फिडन्स जायला नको,” म्हणायचा, आणि तिनं ईशानला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं, बाबा बघ कसे विचार करतात. तो चालवत असता तर त्याच्या शेजारी सतत तिची डावी बाजू आली असती. ती चालवते तेव्हा त्याच्याकडे उजवी बाजू असते, जुनी, सरळ, लग्नातल्या फोटोतली. सुवर्णा धुण्याच्या मशीनसमोर ओला टॉवेल हातात धरून उभी होती तेव्हा हे तिच्या ध्यानात आलं, आणि टॉवेलचं पाणी पायांवर गळत राहिलं. मग तिनं स्वतःलाच फटकारलं, तू वेडी आहेस, इतका हिशेब करणारा माणूस तो नाही, स्वतःचे मोजे सापडत नाहीत त्याला. हेही खरंच होतं. त्यानं हे ठरवून केलं नसेल. अंग आपोआप सरकत गेलं असेल, गरम तव्यापासून हात सरकतो तसं, आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल. पण हे काही कमी वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम त्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसली, म्हणजे तिची डावी बाजू त्याच्याकडे यावी. त्यानं कॉफीचा मग उचलला, ओट्याशी जाऊन उभ्यानं प्यायला, आणि म्हणाला, “डॉक्टर सांगतात ना, फार बसू नका.”

तेव्हा तिनं ठरवलं की याला बसवायचं. आदेलाइदबाईनं त्या मान्यवर मंडळींना बसवलं ते त्यांनी हात बघावा म्हणून. सुवर्णाला हाताशी काही देणंघेणं नव्हतं. हात तिचाच आहे हे तिला ठाऊक होतं, नंदानं आत काहीही छापो. तिला एवढंच हवं होतं की त्यानं एकदा तिच्याकडे, आहे त्या तोंडाकडे, नीट बघावं. बघून तोंड वाईट केलं तरी चालेल. नाही बघवत, असं म्हणाला तरी चालेल. पस्तीस वर्षांत तिनं त्याला कितीदा विचारलं होतं, बसता का, आणि दरवेळी त्याला वेळ नव्हता. या वेळी तो चटकन हो म्हणाला. थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, ईशान बायकोच्या माहेरी जाणार होता, बाहेर झाडं ओकीबोकी आणि आभाळ एकसारखं पांढरं होतं. पोर्ट्रेटला याहून चांगला उजेड नसतो. मोरेश्वर दाढी करून, केसांना कलप लावून, ईशाननं दिलेला मरून स्वेटर घालून खाली आला. “बघ, गेला ना राग?” तो खुशीत म्हणाला. “फोन हातात चालेल ना?”

“फोन नको. इथे बसा. आणि माझ्याकडे बघा.”

तळघराच्या मागच्या बाजूला काचेचं सरकतं दार होतं, त्यातून उजेड येई, आणि अंगणापलीकडच्या डेटा सेंटरची घुमघुम रात्रंदिवस चाललेली असे, इतकी की आता ती ऐकू येत नसे. सुवर्णा उजेडाकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिच्या चेहऱ्याची एकही रेघ लपू नये. कोळशानं तिनं डोक्याचा आकार घेतला, कपाळ, कान, गळ्याची सैल कातडी. कितीतरी वर्षांनी ती त्याला असं बघत होती. कलपाच्या खाली कानाशी पांढरं राहून गेलं होतं. एका भुवईत एकच केस लांबलचक वाढला होता. गाल उतरले होते, आणि खालचा ओठ जरासा पुढे आलेला, हट्टी मुलासारखा, हा तर लग्नात होताच. तिला तो आवडला. ही अडचणच झाली. बघत राहिलं की माणूस आवडायला लागतो, हे माने सरांनी सांगितलं नव्हतं. मग रंग लावत ती डोळ्यांपाशी आली, आणि ब्रश थांबला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती तिच्या उजव्या कानाजवळून पलीकडे, भिंतीवरच्या हीटरच्या डबीकडे, थर्मोस्टॅटकडे गेली होती.

“इकडे बघा.”

“बघतोय की.” नजर आली, तिच्या कपाळावर टेकली, उजव्या गालावरून उतरली आणि पुन्हा कानापलीकडे गेली. हे सगळं इतक्या नकळत झालं की त्याला खोटं पाडायचीही सोय नव्हती. सुवर्णानं ईझल उचलून दुसऱ्या बाजूला मांडलं, आता उजेड वेगळा येतोय असं काहीतरी म्हणाली. तो खुर्चीवर वळून बसला, आणि नजर पुन्हा तिच्या उजव्या खांद्याशी. ती ईझल परत जागेवर आणून थोडी पुढे गेली. त्यानं डोळे चोळले, म्हणाला, पांढऱ्या उजेडाचा त्रास होतो. “तुला ते चहा-बिस्किटवाले शिंदे आठवतात का,” असं करत त्यानं पुण्यातली एक लांबलचक गोष्ट सुरू केली, आणि ती सगळी त्यानं थर्मोस्टॅटला सांगितली. सुवर्णा हं हं करत राहिली. तिला आठवत होतं, लग्नाआधी बघायला आला तेव्हा हाच माणूस तिच्याकडे असा टक लावून बघत होता की तिची आई स्वयंपाकघरात हसली होती. त्याच्या त्या बघण्यामुळेच ती हो म्हणाली होती. मग तिनं ब्रश धुतला, डोळ्यांचा रंग कालवला आणि जे समोर होतं ते रंगवायला घेतलं. ती काही वर सरकवणार नव्हती आणि काही सरळ करणार नव्हती. बुबुळं जिथे होती तिथेच तिनं ठेवली.

रविवारी दुपारी चित्र झालं. मोरेश्वर उठला, पाठ ताणली, गुडघे चोळत ईझलच्या या बाजूला आला आणि तिच्या उजवीकडे उभा राहिला. “अरे बाप रे,” तो मनापासून म्हणाला. “हुबेहूब! हा ओठ तर... अगदी मीच गं. तू काय काढतेस यार!” सुवर्णानं एवढं कौतुक त्याच्याकडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते आज तिच्या काही कामाचं नव्हतं. तो जवळ वाकला, लांब झाला, मान तिरकी केली. “फक्त हे डोळे जरा... कुठे बघतोय मी?”

“तुम्हीच सांगा.”

तो बघत राहिला. मग त्याची मान हळूहळू भिंतीकडे वळली, थर्मोस्टॅटकडे, आणि परत चित्राकडे आली. त्याचा हात स्वेटरच्या खिशात गेला, तिथे फोन होता. तो तिथेच राहिला, बाहेर आला नाही. त्याला कळलं होतं. त्याचा खालचा ओठ पुढे आला आणि क्षणभर तो खरोखरच म्हातारा दिसला, आणि सुवर्णाच्या मनात आलं, आता बोलेल. “रंग ओला आहे ना अजून?” तो म्हणाला. “बदलता येतं ना ते?”

“येतं की,” ती म्हणाली. “तुम्ही बघा, मी बदलते.”

तिनं बारीक ब्रश उचलला, टोकाला रंग घेतला आणि त्याच्याकडे पूर्ण वळली. काचेच्या दारातला सगळा पांढरा उजेड तिच्या तोंडावर होता. ती हसली, दोन वर्षांत कुणासमोर हसली नव्हती तशी, आवरून न धरता, डावीकडचं सगळं खाली सोडून. मोरेश्वरनं मान वर केली. त्यानं खरंच प्रयत्न केला, हे तिला दिसलं. नजर तिच्या कपाळापर्यंत आली, डोळ्यांपर्यंत आली, खाली उतरायला लागली, आणि तिच्या हातातल्या ब्रशवर जाऊन थांबली. “आधी चहा टाकतो,” तो म्हणाला. “गार पडलंय इथे.” आणि कठडा धरत धरत तो जिना चढून वर गेला.

सुवर्णा तशीच उभी राहिली, तोंड दुखेपर्यंत. मग तिनं ब्रशाच्या टोकावर घेतलेला रंग वाया घालवला नाही; कॅनव्हासच्या खालच्या कोपऱ्यात तिनं नाव लिहिलं, फक्त सुवर्णा, पुढे काही नाही. वर भांड्याचा आवाज झाला, नळ सुटला, कपाटाचं दार दोनदा उघडलं, म्हणजे साखरेचा डबा सापडत नव्हता.

“आलं घालू का गं?” वरून त्यानं विचारलं.

“घाला,” ती म्हणाली.